ओळंबा

खुरसाचा उजवा हात
बाबूशाच्या वायंगणात सापडला,
चिखलात कोपरापर्यंत रुतलेला.
बाकीचे तुकडे मी सिमेंटच्या गोणीत भरले,
दुसरी गोणी नव्हती.

पण हे नंतरचं.

पोलिसांनी लिहिलं : अज्ञात इसम,
रात्री एक ते चारच्या दरम्यान.
पिएदादबाय म्हणाली, लिहा की मेणबत्त्याही नेल्या,
अर्धं पाकीट.
हवालदार हसला नाही. लिहिलंही नाही.

मला निरोप आला तेव्हा मी सांगितलं, ताप आहे.
ताप नव्हता.
आदल्या संध्याकाळी तिठ्यावर
दोघे जण स्कूटर आडवी घालून बोलले होते,
अगदी गोड, माझ्या मुलाचं नाव घेऊन :
तू गवंडी माणूस, कामं पुष्कळ मिळतील,
हेच कशाला?
आणि मग ते जुनं,
आपला देव नव्हता का न्यावा लागला
रात्रीच्या होडीतून, पलीकडे?
विसरलास?

विसरलो नाही.
आमच्यात ते दर श्रावणात सांगतात :
देव घोंगडीत गुंडाळला होता,
वल्ह्यांना चिंध्या बांधल्या होत्या
आणि घरातल्या एका सुनेनं
तान्ह्या पोराच्या तोंडावर हात दाबून धरला होता.
किती वेळ, ते कुणी सांगत नाही.
पोराचं पुढे काय झालं, तेही नाही.

दोन दिवस मी पांघरुणात पडून
त्या हाताचा विचार करत होतो.
ज्यांना रात्रीतून देव हलवावा लागला
त्यांच्या वंशातल्या माणसाला
दुसऱ्याचा देव फुटलेला बघून
नेमकं काय वाटायला हवं,
हे तिठ्यावरच्या दोघांना पक्कं माहीत होतं.
मला नव्हतं.
मला एवढंच माहीत होतं
की खुरसाचा गिलावा माझ्या बापाचा,
चुना त्यानं बारा दिवस भिजवला होता.

तिसऱ्या दिवशी गेलो.
चिरे बदलले. आत सळी घातली.
ओळंबा सोडला, शिसं थांबेपर्यंत श्वास धरला
आणि खुरीस उभा केला, केसभर फरक नाही.
पिएदादबाय अंगणातून बघत राहिली.
मग म्हणाली,
"तो वांकडोच आशिल्लो रे.
काजीच्या झाडाकडेन. तसोच जाय."
सासऱ्यानं पाया घातला तेव्हा त्याची नजर अधू होती,
साठ वर्षं सगळे त्या वाकडेपणाकडे बघून गुडघे टेकत आले,
सरळ खुरीस तिला परका वाटत होता.

धंद्यात पहिल्यांदा
ओळंबा खिशात ठेवून
मी मुद्दाम चुकलो.
सोपं नव्हतं. दोनदा जास्त झुकला.

मे महिन्यात लादाईन.
या वर्षी पहिल्यांदाच अर्ज :
भोंगा नको, रस्ता अडवायचा नाही, नऊच्या आत,
माणसं पन्नास.
स्वतःच्या अंगणासमोर गुडघे टेकायला
तिला सही करायची होती.
तिचं शिक्षण पोर्तुगीज दुसरीपर्यंत,
म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला.
प्रयोजन, असा एक रकाना होता.
काय लिहू?
ती जरा वेळ थांबली.
"नेहमीचंच."
तसंच लिहिलं.
पंचायतीतल्या कारकुनानं दोनदा वाचलं, शिक्का मारला.

त्या रात्री दोन शिपाई, बत्तीस माणसं,
एक व्हायोलिन, तेही सर्दी झाल्यासारखं.
मी रस्त्याच्या कडेला उभा.
त्या लॅटिन ओळीचा शेवट मला येतो.
अर्थ नाही येत,
आम्ही पोरं तो चण्यांसाठी पाठ करायचो.
ओठ हलले असतील. मी अडवले नाहीत.

तेवढ्यात वळणावर एक स्कूटर हळू झाली.
तिचा दिवा आधी खुरसावर पडला,
मग शिपायांवर,
मग माझ्यावर, आणि जरा जास्त वेळ थांबला.

माझ्या मुठीत चणे होते,
नुकतेच टोपातून काढलेले.
हात भाजत होता.
मी मूठ उघडली नाही
आणि पाठीमागेही नेली नाही.