घाटंजीच्या बाजारातला शर्ट

सोमा टेकामनं साठ रुपयांत घेतला,
जुन्या कपड्यांच्या ढिगातून उपसून.
छातीवर अर्धवट उडालेलं: ओहायो.
गाईंमागं चालून अक्षरं घामानं गडद होतात.

"मॅडम, हे काय लिवलं हाये?"
मी म्हटलं, गाव आहे. गाव नाही, राज्य.
आठ वर्षं असंच शिकवतेय मी,
आधी चूक, मग दुरुस्ती.
"तिथं गेलं की गरिबाचं पोरगंही मोठं होतं, म्हणतात."

सोमानं तंबाखू मळली. बराच वेळ मळली.
"अन् जो तिथलाच असन,
तो मोठा व्हाले कुठी जाते?"

यावर धड्यात काही नव्हतं.
त्याच्या काखेत रफू दिसलं, हिरव्या दोऱ्याचं,
टाके मोठे, घाईचे,
तिकडं कुणीतरी पहाटेच्या दिव्याखाली घातलेले,
पाळीवर जायच्या आधी.

आता तो शर्ट घालूनच झोपतो.
"मग सोमाभाऊ, पडलं का ओहायोचं स्वप्न?"

"पडलं ना. पांढरी गाय हरपली होती माही.
तिकडल्या रानात टापर वाजे, दिसे काईच नाई.
एक मानूस उभा होता, उघडा.
म्हने, गाय नाई पाह्यली बाप्पा,
पर शर्ट ओळखतो."