साल

कुऱ्हाड मारायची नसते, टेकवायची असते,
बेल्मीरु म्हणाला होता.
टेकव, पातं जरासं पीळ, आणि ऐक.
पोकळ वाजलं तर झाड तयार आहे.
बद्द वाजलं तर टोपी घाल, घरी जा.

मी एकवीस वर्षांची. हातात वडिलांची वही,
वहीत कोरुशच्या बँकेचे आकडे,
आणि समोर उतारभर सहाशे बुचाची झाडं.
मला झाडं दिसतच नव्हती,
बाटल्या दिसत होत्या.

आलेंतेझुत साल काढली की उघड्या तांबड्या खोडावर
पांढऱ्या रंगानं त्या सालाचा शेवटचा आकडा लिहितात.
तीन लिहिलेल्या झाडाला
पुन्हा हात लावायचा तो थेट दोनच्या साली.
मधली आठ सालं नुसतं बघायचं.
व्याज काही बघत बसत नाही.

ते साल तीनाचं होतं.
पूर्वेचा कोरडा वारा सुटला,
तशी बेल्मीरुनं कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळली.
मी दुसरी माणसं आणली,
रोजानं नाही, मणाच्या बोलीवर.

सालीखाली एक थर असतो, पातळ, ओला, गुलाबी.
त्याला इथे आई म्हणतात.
नवी साल तीच विणते.
एकेचाळीस झाडांची आई
आम्ही त्या आठवड्यात फाडली.

फळ्या सहा महिने उन्हावाऱ्यात पडू द्यायच्या असतात;
मी सहा आठवडे दिले.
बुचं बोर्दोला गेली, आणि परत आली.
सोबत दोन ओळींचं पत्र होतं.
दुसऱ्या ओळीत फक्त सही.

नंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.
फळ्या उकळल्या. कढईच्या वासावरून
बुरशी ओळखायला शिकले.
झाडांखालचे बी खाऊन माजलेली डुकरं विकली:
बँक डुकरांनी फेडली, बुचांनी नाही.
कारखाना बघायला येणाऱ्यांना हे मी सांगत नाही.

आणि दर जूनमध्ये, संध्याकाळी,
बेल्मीरु मला एका खोडाशी उभी करायचा.
कापायचं नाही. टेकवायचं, पिळायचं, ऐकायचं.
तीन वर्षं मला सगळे आवाज सारखेच.
चौथ्या जूनला एक वेगळा आला.
झाडाचा की माझ्या आतला,
विचारायला वळले तर तो ऑलिव्ह खात बसलेला,
बिया खिशात टाकत.
"उद्या पुन्हा," म्हणाला.

दोनच्या साली बोर्दोच्या त्या व्यापाऱ्याचा मुलगा आला.
ऐंशी हजार मागितली.
मी म्हटलं, तीस.
बाकीची?
बाकीची अजून झाडावर आहेत.
तो हसला, मला वाटलं गेला.
तीस हजारांतलं एकही गळलं नाही.
पुढच्या वर्षी त्यानं विचारलंच नाही किती,
म्हणाला, जेवढी तयार असतील तेवढी.

तीन, दोन, एक, शून्य, मग नऊ.
आमची सालं अशी उलटी चालतात.
शून्याच्या साली बेल्मीरु गेला.
प्लास्टिकची बुचं आली, पत्र्याची झाकणं आली,
शेजारच्या दोन इस्टेटींवर निलगिरी उभी राहिली.
माझ्याकडे अडतीस माणसं कामाला आहेत,
आणि माझ्या सहीला बोर्दोत आता पत्र लागत नाही.

पण ती एकेचाळीस.
आईवरचे वळ त्यांनी गाठी घालून झाकले,
साल येते, जाड, खडबडीत, बुचाला निरुपयोगी.
त्यांच्यावर मी अजूनही आकडा लिहिते.
आधी त्यांच्यावर, मग बाकीच्यांवर.

यंदा जूनच्या दुसऱ्या मंगळवारी
सगळं जुळलं होतं. माणसं, ट्रक, भाव,
असा भाव मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.
लिओनिल्द, माझी लेक, फोन कानाला लावून
बांधावर थांबलेली: किती सांगू त्यांना?

मी पहिल्या झाडाशी गेले,
पातं टेकवलं, जरासं पिळलं.

बद्द.

टोपी शोधायला थोडा वेळ लागला.
लेकीच्या डोक्यावर होती.