आडवे हात

नोव्हा स्कोशियात उन्हाळा असा नसतोच फारसा,
असतात चार-पाच शनिवार;
त्यातला एक आम्ही विमानांना देतो.

पोर्ट हॅलनच्या धावपट्टीवर सकाळपासून धुकं.
लाउडस्पीकरवाला तीच तीन गाणी लावतोय,
लॉब्स्टर रोलची रांग शौचालयाच्या रांगेत घुसलेली,
आणि मी घडीची खुर्ची बगलेत मारून
आजोबांच्या मागे मागे. लॉकलन गिलिस, वय नव्वद,
दोराला अगदी लागून बसायचं म्हणतात.
"कान जातील," मी म्हणालो.
"गेलेत," म्हणाले.

अकराला धुकं उठलं
आणि हँगरातून ओढत आणलं सी फ्युरी,
पंख डोक्यावर दुमडलेले;
जहाजाच्या पोटात दाटीवाटीनं राहायची सवय
अजून सुटली नव्हती त्याची.
खाली तेल ठिबकत होतं. एका पोरानं बोट दाखवलं.
"गळू दे रे," आजोबा म्हणाले,
"गळायचं थांबलं की काळजी करायची."

पंख उघडले. आधी एक, मग थबकून दुसरा,
अर्ध्यात अडलेल्या जांभईसारखा.
काडतुसाचा बार.
पाच पात्यांचा पंखा दोनदा अडखळला,
निळा धूर सगळ्या मोटारींवरून फिरून आला,
आणि मग तो आवाज,
जो कानानं ऐकायचा नसतोच,
थेट बरगड्यांत येऊन बसतो.

चालवणारी ओडेट कोमो,
एरवी खाडीपलीकडे दातांची डॉक्टर.
तिनं ते समुद्रावर नेलं, उलटं केलं,
सरळ करून इतकं खाली आणलं
की गवतानं भांग पाडून घेतला.
लोक ओरडले. मीही ओरडलो, लाज कसली.

आजोबा हे काही बघत नव्हते.
ते उतरायची वाट बघत होते.

एके काळी त्यांचं काम तेवढंच होतं.
डेकच्या मागच्या टोकाला, जाळीच्या काठाशी,
दोन्ही हातांत रंगीत बॅटी,
टेबल टेनिसच्या असतात तशा, जरा मोठ्या.
या विमानाचं नाक एवढं लांब
की शेवटच्या क्षणी वैमानिकाला जहाज दिसतच नाही;
दिसतो कडेला उभा एक माणूस, आणि त्याचे हात.
डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणतात ते हेच,
फक्त इथं खरोखरचं तेल, काचेवर उडालेलं.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात खुणा बदलल्या.
जुन्या शिस्तीत हात खाली म्हणजे: खाली ये.
नव्या शिस्तीत हात खाली म्हणजे: खाली आहेस.
एवढाच फरक. एक क्रियापद.
दुसऱ्या जहाजावरून आलेला एक मुलगा,
एम्लिन का काहीसं नाव,
जुन्यात शिकलेला होता.

आजोबांनी हे एकदाच सांगितलं, माझ्या गाडीत,
वायपर चालू असताना,
आणि लगेच विचारलं,
पेट्रोल भरायचंय का तुला?

ओडेट वळत वळत आली, चाकं बाहेर काढून.
आजोबा खुर्चीतून उठले. मी धरायला गेलो,
धरू दिलं नाही.
दोन्ही हात बाजूंना निघाले,
एकात कार्यक्रमाचा कागद, एकात अर्धा रोल.
ती जरा उंच होती, मलासुद्धा कळत होतं.
मग वाऱ्यानं डावा पंख उचलला,
सावरता सावरता जरा जास्तच खाली आली.
त्यांचे हात हलले नाहीत.
दंड थरथरत होते, बाहीवर मेयोनीज ओघळत होतं,
पण ना वर, ना खाली;
खांद्यांच्या रेषेत, आडवे.

आडवे हात दोन्ही शिस्तींत एकच बोलतात:
असाच ये.

चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली.
मागच्या बाईंनी विचारलं, कुणाला हात करत होता हो?
"माशा होत्या," आजोबा म्हणाले,
हात खाली घेतले,
आणि उरलेला रोल खाल्ला.