पिवळा टँकर

सोहारात निळा टँकर पाणी आणतो,
पिवळा घेऊन जातो.
आमच्या गल्लीत कधी दोघं समोरासमोर येतात,
मग एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो.

जूनची दुपार. खजुराखालचं झाकण
फडक्यानं धरलं तरी चटका देतं.
गुलजमान पाइप सोडतो, वाकून बघतो:
"मर गया साब. क्या डाला अंदर?"

ईदच्या सुटीत मस्कतहून नणंद येणार म्हणून
मंदाकिनीनं ब्लीचच्या दोन बाटल्या ओतल्या होत्या.
मी म्हटलं, काही नाही.
तो उघड्या नाकानं उभा,
रुमाल माझ्याच तोंडावर.

सगळं उपसलं नाही त्यानं,
तळाशी वीतभर राहू दिलं.
"इतना छोड़ो, इसी से फिर चलेगा."
आई पातेल्यात चमचाभर दही मागे ठेवायची,
उद्याच्या विरजणाला.
(तिला फोनवर हे सांगणार नाही.)

दहा रियाल. पावती. थंड ताक.
पिता पिता म्हणाला, तळणाचं तेल नको, टिश्यू नको,
तीन महिने मला बोलवायचंही नको.

गावी आमचा खड्डा उपसायला कुणी यायचं,
पहाटे, मागच्या दारानं.
त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचो आम्ही.
नाव विसरलो असं नाही.
विचारलंच नव्हतं.

मंदाकिनी आतून: ताक कशातून दिलंत?
आपल्याच पेल्यातून.
ती काही बोलली नाही.
सिंकचा नळ मात्र बराच वेळ चालू राहिला.

तेही पाणी
तिथंच जाणार.