सोहार, रात्रपाळी

खाऱ्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यातलं जुनं युनिक्स.
लिनक्सवर निमूट बसलेलं रिमोट लॉगिनचं कुलूप
इथे अडतं:
किल्ली घडवायला थोडा गोंधळ लागतो,
आणि याच्यापाशी रँडम असं काहीच नाही.

"वाटेल ते बडव," कुरियाकोस म्हणाला.
बडवलं. पण बोटं ऐकेनात,
दर दहा-बारा कळांमागे
देवरुखचा पिनकोड.

मग त्यालाच बसवलं.
फोनवर बायकोशी भांडत
एका हाताने तो जे काही टंकत गेला
ते यंत्राला पटलं.

पहाटे पहिली जोडणी. पडद्यावर प्रश्न:
हा यजमान ओळखीचा नाही. विश्वास ठेवायचा?

अकरा वर्षं झाली इथे.
पाहुण्याला कुणी
पहिल्यांदाच विचारत होतं.