चार फुटांच्या आत

घोडबंदर रोडवर, मेट्रोच्या खांबांकडे तोंड करून,
दुसऱ्या मजल्यावर ते हॉटेल.
दाराशी भिंतीवर बांबूचं बन रंगवलंय,
त्यात एक पांडा, पंजा पुढे करून उभा.
पंजाखाली लाल रेघ.
चार फुटांच्या आत अर्धे पैसे.

महिन्यातून दोन रविवार, बारा ते चार,
असं कागदावर आहे.
चार तास कुठे बसायचं एका मुलाला घेऊन?
बागेत ऊन. मॉलमध्ये नुसतं चालणं.
माझ्या कळव्याच्या खोलीत एक खुर्ची,
तिच्यावर रूमपार्टनरचे वाळत घातलेले कपडे.
बुफेत कुणी ऊठ म्हणत नाही,
हे मला तिसऱ्या रविवारी समजलं.

तेव्हा अन्वय पांडाच्या पोटाला लागत होता.

मी त्याला सगळं शिकवलं.
सूप घ्यायचं नाही, ती फसवणूक असते.
फ्राइड राइस हा तर सापळाच.
आधी एक फेरी मारायची, हात मागे बांधून,
लग्नात मुलाकडचे मांडव बघतात तशी.
मग कोळंबी. मग डिमसम, झाकण उघडल्या उघडल्या.
सुशी एकच, आईला सांगण्यापुरती.
आणि शेवटी पाणीपुरी,
जी या अख्ख्या आशिया खंडाच्या टोकाला
जौनपूरचे दुबेजी उंच पांढरी टोपी घालून देतात,
आणि खरी रांग त्यांच्यापुढेच असते.
वसूल झालं पाहिजे, मी म्हणायचो.
वसूल म्हणजे काय?
म्हणजे खा.

शाळा? बरी.
आई? बरी.
मग मी उठून अजून कोळंबी आणायचो.
बुफेचं हे एक बरं असतं,
गप्प बसायची वेळ आली की माणसाला उठता येतं,
आणि परत येताना हातात काहीतरी असतं.

आज रिन्पुईने त्याला पांडाखाली उभं केलं.
ती आयझॉलची. नाव छातीवरच्या पट्टीवर वाचलेलं,
गाव मी एकदा विचारलेलं.
मराठी तिला येतं ते एवढंच: या, बसा, झालं?
ती वाकून रेघ बघत होती,
म्हणून मी खाली पाहिलं.

गुडघे मुडपलेले.
ढगळ जीन्सच्या आत, कुणाला कळू नये इतपतच.
बूट जरा फाकवलेले, मान खांद्यांत ओढलेली,
नजर सरळ समोर, एनसीसीतल्या पोरासारखी.
केस रेघेला टेकले होते. वर नाही.

तिच्याही लक्षात आलं असणार.
हाफ, ती म्हणाली, आणि पॅडवर पेन टेकवलं.

कुणी सांगितलं याला?
मी तर पाकीट नेहमी टेबलाखाली उघडतो.

सरळ उभा राहा.
आवाज जरा मोठाच आला असावा,
मागच्या वाढदिवसवाल्यांनी वळून पाहिलं.
तो सरळ झाला.
लाल रेघ त्याच्या कपाळावरून गेली.
रिन्पुईने खोडलं, पुन्हा लिहिलं,
माझ्याकडे न बघता.

टेबलाशी येईपर्यंत तो काही बोलला नाही.
मग नॅपकिनची कमळासारखी घडी मोडत म्हणाला,
बाबा, साडेतीनशे वाचले असते.

पलीकडे टाळ्या पडत होत्या, कुणाचा तरी केक कापला जात होता.
कोळंबीची नवी परात आत्ताच बाहेर आली होती,
धूर दिसत होता तिचा इथून.

सूप घेऊ या? मी म्हणालो.
सूप?
हो.
फसवणूक असते ना ती?
असू दे.

मक्याचं होतं. दाणे तळाशी बसले होते.
फार गरम, म्हणून आम्ही दोघं
चमचे हातात धरून नुसते फुंकत बसलो.
एक वाजायला पाच मिनिटं होती.