थेंब बुडायला हवा

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत
शुक्रवारी सकाळी कंपनीने तंबू ठोकला.
एसी लावला, खुर्च्या मांडल्या
आणि कॅम्पमधून आम्हा बेचाळीस जणांना बसने आणलं.
फोरमन म्हणाला, रक्त द्या, मग दिवसभर झोपा.

माझ्या पुढे रामसूरत. त्याला परत पाठवलं.
दंडावर ताजं गोंदण,
मुलीचं नाव, अजून खपली धरलेलं.
मोतालेब महिन्यापूर्वी गावाहून आलेला,
तिथे थंडीताप आला होता म्हणाला.
खरं बोलला आणि गेला.
घाटपांडे सुपरवायझरांचं प्रेशर वर,
ते म्हणाले, वाढवणारे सगळे रांगेतच उभे आहेत.
एक पोरगा सुई बघूनच मटकन खाली बसला,
त्याला कुणी काही विचारलंच नाही.

मी निर्धास्त होतो.
एकोणीस वर्षं सळया बांधतोय,
सोळाची, वीसची, पंचवीसची,
खांद्यावर घेऊन चढतो.
जेवतानासुद्धा हाताचा गंजाचा वास जात नाही.
माझ्यात आणि लोखंड कमी?

सिस्टर केरळची, छातीवर लिजी लिहिलेलं.
तिने बोट टोचलं, एक थेंब
निळ्या पाण्यात सोडला.
"बुडला पाहिजे," हिंदीत म्हणाली.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
थेंब जरा खाली गेला,
थबकला,
काहीतरी घरी विसरल्यासारखा
परत वर आला.

मग मशीनवर पाहिलं. दहा पूर्णांक चार.
तेरा लागतं.
कागदावर शिक्का बसला : तात्पुरते अपात्र.
मला त्या 'तात्पुरते'चं हसू आलं.
व्हिसा तात्पुरता, खाट तात्पुरती,
खाटेखालची पेटीसुद्धा
कुणाची तरी, तो परत येईपर्यंत.

तिने पेन खाली ठेवलं. आवाज उतरवला.
"चाचा, कुठून रक्त जातं का?"

कॅम्पच्या मागे सहा संडास.
पहाटे साडेतीन, बाहेर रांग,
कुणीतरी दार वाजवतंय,
आणि मी बालदी ओततोय,
आणखी एक बालदी,
फरशी पुन्हा पांढरी होईपर्यंत.
दोन वर्षं झाली.

"नाही," मी म्हणालो.

ती बघत राहिली.
मागे रांग लांब होती.
ज्यूसचा डबा फक्त देणाऱ्यांसाठी,
तिने गुपचूप एक माझ्या हातात कोंबला.
"डॉक्टरला दाखवा," म्हणाली.
दाखवायचं म्हणजे एक दिवसाचा पगार,
आणि तिथे पुन्हा हाच प्रश्न.

बसमध्ये कुणाकुणाच्या कोपराला हिरवी पट्टी.
माझ्या बोटाच्या टोकाला
शेंगदाण्याएवढा कापूस.

रात्री वैजयंताचा फोन. दिलं का रक्त?
नाही घेतलं, म्हटलं, लोह कमी निघालं.
ती हसली. दिवसभर त्यातच असता ना हो?
मग म्हणाली, मंडणगडचा पाटणकरांचा पोरगा येतोय,
त्याच्याबरोबर अळीवाचे लाडू देते. रोज एक खा.
दुसरं काही नाही ना?

दुसरं काही नाही.

डबा आला. वर नारळ, खाली जायफळाचा वास.
मोतालेबला एक दिला, रामसूरतला एक.
छान झालेत, दोघं म्हणाले.

पहाटे साडेतीनला
मी दुसरी बालदी भरत होतो.